हिरव्या हौदाची फुंकर

नाशिकरोडच्या त्या वसाहतीत भीमजयंती जवळ आली की चुन्याला ऊत यायचा. घरं, ओटे, झाडांचे बुंधे, जे जागचं हलत नाही त्याला पांढरं फासायचं. एकोणऐंशी साली समितीच्या जयरामदादांनी सुमनबाईंचा हौदही काठापर्यंत रंगवला आणि उरलेलं बादलीचं धुवण त्यातच ओतून दिलं.

सुमनबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. नळ आल्यापासून पडीक असलेल्या त्या हौदात त्यांनी शेवाळ पाळलं होतं, नुसत्या डोळ्यांना एकेक दिसणार नाही इतकं बारीक, पण पाणी हिरवंगार करणारं. शेजारच्या म्हाताऱ्या चिमणाबाईंना ते डासांचं माहेर वाटे. हौद बुजवा, असा त्यांनी समितीपुढे धोशाच लावला. शेवटी ठरलं की जयंतीच्या दुपारी बाईंनी या पाण्याचा उपयोग दाखवावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यात मुरूम पडेल. बाई लगेच कबूल झाल्या. झाड उन्हात प्राणवायू सोडतं हे पोरींनी पाठ केलं होतं, पाहिलं कुणीच नव्हतं, आणि तेच बाईंना सलत होतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी हौदातलं पाणी काचेच्या बरणीत भरून उन्हात ठेवलं. आत उलटं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. एरवी थोड्याच वेळात बुडबुडे चढायचे, आज एक नाही. बरणीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला तशी बाईंनी कपाळाला हात लावला.

"दादा, हौदात चुना ओतलात?"

"जयंती आहे बाई. एकट्या तुमचाच हौद कळकट ठेवू का?" जयरामदादा शाबासकीच्या आशेने म्हणाले.

"अहो, उपाशी मारलंत त्याला. पाण्यात विरघळलेला कर्बवायू हेच शेवाळाचं जेवण. ते चुन्याने गिळलं आणि खडू होऊन तळाशी बसला."

दादांचं तोंड एवढंसं झालं. "मग खायचा सोडा घालू? त्यातही तेच असतं म्हणाला होतात."

"तेही चुनाच खाईल. आधी त्याचं पोट भरायला हवं."

बाई रडायच्या बेतात होत्या. पण पोट कशाने भरतं हे त्या दरवर्षी वर्गात शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, "पपईची पानं आणा, देठासकट."

पपईचा देठ पोकळ. त्याचं टोक बरणीत बुडवून दादा फुंकू लागले. आपल्या श्वासातून बाहेर पडतो तोच कर्बवायू, आणि तो मिळत राहिला की खडूसुद्धा पुन्हा पाण्यात विरघळतो, शेवाळाला खाता येईल असा. दादांचे गाल दुखले, मग समोरच्या घरातल्या लताबाई बसल्या, मग अख्खी आळी. चिमणाबाई तमाशा बघायला आल्या आणि दादांना म्हणाल्या, "सरक बाजूला. तुला फुंकता येत नाय. माझा जन्म गेला चुलीपुढं." त्यांनी खरोखरच सगळ्यांपेक्षा जास्त दम टिकवला. दिवस कलला तेव्हा तळाचा गाळ नाहीसा झाला होता.

जयंतीच्या दिवशी ऊन कडक पडलं. सकाळपासून बुडबुडे मोत्यांसारखे चढत होते. दुपारी सगळे जमल्यावर बाईंनी पाण्यातच नळीचं तोंड अंगठ्याने धरलं, ती अलगद बाहेर काढली आणि विझत आलेली उदबत्ती आत घातली. ठिणगी लख्खकन पेटली. पोरी ओरडल्या, बाईंचे डोळे भरून आले. बरणीतलं पाणी त्यांनी परत हौदात ओतलं.

जयरामदादांनी चिमणाबाईंकडे पाहिलं. "काय आजी, उद्या मुरूम मागवू का?"

चिमणाबाई त्यांच्यावर खेकसल्या, "बुजवतोस कसा? माझा श्वास हाय त्यात."