मीनाक्षीच्या वेणीतलं गंगावन

मला तुम्ही पुष्कळदा पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. ओळखलं असतंत तर माझा जन्मच फुकट गेला असता. मी गंगावन. ज्या बाईचे केस विरळ, तिने आपल्या वेणीत गुंफून घ्यायचा परक्या केसांचा झुपका. गंगावनाला लोक ‘ते’ म्हणतात. पण सात-आठ बायकांच्या डोक्यांतून जमलेली मी, मी आपली बाईसारखीच बोलणार.

कोल्हापूरच्या घराघरांतल्या भिंतींच्या फटी हे माझं जन्मस्थान. बायका विंचरायला बसतात, फणीत आलेल्या केसांची गोळी करतात, तिच्यावर थू-थू करतात आणि फटीत खोचून ठेवतात. घटकेपूर्वी ज्याला तेल लावून गोंजारलं, ते डोक्यावरून उतरलं की अमंगळ. माणसांच्या या हिशेबाचं मला अजून नवल वाटतं.

त्या गोळ्या गोळा करायची चिमणाबाई. “केसं हायत का वो, केसं! सुया घ्या, काळी पोत घ्या!” असं ओरडत ती बोळाबोळातून हिंडायची. तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेत नसे. घरी नेऊन तिने मला रिठ्याने धुतलं, खिळ्यांच्या फळीवरून ओढलं आणि मुळाकडे मूळ, शेंड्याकडे शेंडा असं लावलं. “उलटा केस घातला की चार दिसांत गुततंय,” ती आपल्या सुनेला सांगायची. शेवटी माझं डोकं तिने दोऱ्याने असं करकचून आवळलं, की मोकळं होणं म्हणजे काय हे मी त्या दिवसापासून विसरले.

मला विकत घेतलं इचलकरंजीच्या एका आईने. तिच्या मुलीचे, मीनाक्षीचे, गुडघ्यापर्यंत पोचणारे केस विषमज्वराने गेले होते आणि परत आले ते उंदराच्या शेपटीएवढे. कोल्हापूरहून मंडळी बघायला येणार होती. मुलगा नृसिंह. वडील दादा, हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक. मुलगा सिनेमाच्या स्टुडिओत, पण कचेरीत हो, घाबरू नका, असं मध्यस्थाने दोनदा सांगितलं होतं.

बघण्याच्या दिवशी मुलाच्या आईने, माईंनी, मला तळहातावर घेऊन दुधी भोपळ्यासारखं जोखलं. “केस आहेत हो घसघशीत.” थोरली बहीण ताई म्हणाली, “आमच्याकडे एवढे कुणाचेच नाहीत.” मीनाक्षी पाटाकडे बघत बसली होती. आणि नृसिंह? त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे नंतर. माझ्या वरच्या गाठीपाशी त्याची नजर क्षणभर थांबली, आणि त्याने पोह्यांची बशी उचलली. मी समजले. असं बघणारा डोळा एकाच धंद्यातला असतो.

चोपन्न सालच्या माघात लग्न झालं. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात मीनाक्षीचा आणि माझा, दोघींचा गृहप्रवेश झाला.

आता अडकणं म्हणजे काय ते सांगते. मी तिच्या डोक्याला बांधलेली, आणि ती माझ्याशी. निजताना मला काढायची सोय नव्हती. टाळूला रग लागायची, कानामागे फोड यायचे. नहायचं तर माई म्हणायच्या, “पाठ आण इकडे, शिकेकाई लावते.” मग ही सर्दीचं निमित्त करायची. दोन महिन्यांत नव्या सुनेला नऊदा सर्दी झाली. उघडकीला आलं तर फसवलं म्हणून माहेरी पाठवतील, आणि मागे धाकटी बहीण लग्नाची आहे, हे तिच्या मनात सदा टोचत असे.

नृसिंह तिच्याशी मोजकं बोलायचा. पहाटे ती जागी व्हायच्या आत खोलीबाहेर जायचा. तिला वाटे, आपण आवडलो नाही. तो तिला वेणी नीट करायला सवड देत होता, हे मला दिसत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

त्यात त्याच्या सदऱ्यावर केस सापडायला लागले. एके दिवशी लांब, काळा. दुसऱ्या दिवशी पिंगट. मीनाक्षी धुणं घेऊन मोरीत बसली की एकेक केस उजेडात धरून बघायची. स्टुडिओत नट्या असतात, हे तिला ठाऊक होतं. मग एकदा वीतभर पांढरा, कुरळा केस निघाला. “नटी म्हातारी आहे की काय?” ती स्वतःशीच पुटपुटली. तो सिनेमातल्या विश्वामित्राच्या दाढीचा होता. पण नवऱ्याला विचारणार कसं? केसांचा विषय या घरात तिने काढायचा नव्हता.

आणि तोही काढत नव्हता. कारण नृसिंह कचेरीत नव्हताच. तो केसांचे टोप बांधायचा. राण्यांचे खोपे, ऋषींच्या जटा, सरदारांचे कल्ले. जाळीवर बारीक आकड्याने एकेक केस गाठवायचा. घरी हे कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोचं गंगावन ओळखलं म्हणावं, तर कसं ओळखलं हे सांगावं लागलं असतं. दोघंही एकाच गोष्टीपायी गप्प, आणि दोघांचंही गुपित ठाऊक असलेली मी मधे लोंबकळत.

दादांना कलेचं वावडं होतं म्हणावं तर तसंही नाही. तरुणपणी ते बैलगाडीने मिरजेला नाटकं बघायला जात. पुरुष बायकांची कामं करत त्या काळच्या एका नायिकेचं वर्णन करताना त्यांचे डोळे अजून ओले व्हायचे. “काय तो खोपा! काय ती मानेवरची बट!” तो खोपा कुणीतरी बसून बांधला असेल, हे त्यांना उभ्या जन्मात सुचलं नव्हतं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माईंनी बेत जाहीर केला. सुनेच्या वेणीवर मोगऱ्याची वाडी भरायची, आणि गणपतराव फोटोवाल्यांना घरी बोलवायचं. सून पुढे बसेल, मागे आरसा, आरशात फुलांची वेणी. तेव्हा असा फोटो घराघरात असायचा.

वाडी भरायची म्हणजे सुईदोऱ्याने एकेक कळी वेणीवर शिवायची. ताई परात भरून कळ्या घेऊन बसली. “बस गं पुढ्यात. आज तुझ्या केसांचं सार्थक करते.”

“ताई, माझं डोकं दुखतंय.”

“डोकं दुखतंय म्हणे! एवढा भार वाहिल्यावर दुखेल नाहीतर काय? बस मुकाट्यानं.”

मीनाक्षी बसली. तिची मान दगडासारखी झाली होती. ताईची पहिली सुई माझ्या गाठीपासून बोटभर खाली टोचली. दुसरी त्याहून वर.

“ताई, ऊठ. मी भरतो.” दारात नृसिंह उभा होता.

ताई हसली. “तू? बायकोची वेणी? अरे, लोक काय म्हणतील?”

“ऊठ म्हणतो ना.”

त्याने सुई घेतली आणि तो मागे बसला. त्याची बोटं माझ्यावरून मुळाकडून शेंड्याकडे फिरली, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. बघता बघता त्याने माझी जुनी गाठ सोडवली, दुसरी बांधली, आणि वर कळ्यांची रांग बसवली. ताईला काही दिसलं नाही. त्याने मीनाक्षीला हळूच सांगितलं, “ही ओढ देत नाही. आणि एका हातानं सुटते.”

मीनाक्षीच्या मांडीवर टपकन पाणी पडलं. लाजली, असं ताईला वाटलं.

पण वाडी अशी उतरली की जमलेल्या बायका पुढे सरकून बघायला लागल्या. दादा आरामखुर्चीतून उठून आत आले. “नृसिंहा, हे कुठं शिकलास?”

“स्टुडिओत.”

“कचेरीत?”

“कचेरीत मी कधीच नव्हतो, दादा. सहा वर्षं टोप बांधतोय. दाढ्यामिशा पण.”

“केस?” दादांनी एवढंच म्हटलं. “कुणाचे?”

“मिळतील त्यांचे.”

तेवढ्यात गणपतराव आपला तीन पायांचा कॅमेरा मांडून ओरडले, “वैनी, हलायचं न्हाई हं! आरशात बघू नका, माझ्याकडं बघा! अवो, जरा हसा की, पावण्यांच्यात आल्यागत बसलाय!” फोटो निघाला. त्यात मीनाक्षी हसलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुणी काही न बोलता नृसिंहाचं पान मागच्या पडवीत वाढलं जाऊ लागलं. स्टुडिओतून आला की त्याने मागच्या नळावर अंघोळ करायची. देवघरात यायचं नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त एक पाट उचलून बाहेर मांडला गेला.

आणि मी? पोत-सुयांच्या बदल्यात जमवलेली, कुणाकुणाच्या भिंतीच्या फटीतून निघालेली मी रोज सोवळ्यातल्या सुनेबरोबर देवापुढे वाकत होते. देवाने काही म्हटलं नाही. मला नीट बांधणारे हात मात्र उंबऱ्याबाहेर.

“मी सांगून टाकते,” मीनाक्षी एकदा पाणी द्यायच्या मिषाने पडवीत म्हणाली.

“तू गप्प राहा. मी बघायला आलो त्याच दिवशी ओळखलं होतं. माझं चाललंय.”

“तुमचं चाललंय. माझं घशाखाली उतरत नाही.”

त्याच्या चांगुलपणाची गाठ चिमणाबाईच्या दोऱ्यापेक्षा घट्ट होती. महिनाभर ती त्यात गुदमरत राहिली.

मग अक्षय्यतृतीया आली. जेवायला दादांच्या शाळेचे हेडमास्तर होते. भिंतीवर तो फोटो फ्रेम करून लावला होता. हेडमास्तर आमरसाची वाटी हातात धरून म्हणाले, “सूनबाई लक्ष्मी आहे हो! काय केस!”

“खानदानी लक्षण आहे,” दादा म्हणाले. “ते काही बाजारात मिळत नाही.”

मीनाक्षी पुरणाची पोळी वाढत होती. तिने ताट खाली ठेवलं. हात मागे गेला, एक ओढ, आणि मी तिच्या मुठीत आले. तिने मला फोटोखालच्या खिडकीत ठेवलं.

“दादा, हे ते केस. माझे नाहीत. चिमणाबाईकडून बाजारातच घेतलेत. हे बघायला आले त्याच दिवशी ह्यांनी ओळखलं होतं, आणि माझी अब्रू झाकायला आपली उघडी केली.”

माईच आधी भानावर आल्या. “अगं, डोक्यावर पदर तरी घे!”

“घेते,” मीनाक्षी म्हणाली. पदर घेतला, हात धुतले, आपलं पान उचललं आणि मागच्या पडवीत नवऱ्याच्या शेजारी नेऊन मांडलं. “आणि आता मलाही इथंच वाढत जा.”

माहेरी तिला कुणी पाठवलं नाही. हेडमास्तरांसमोर झालेली गोष्ट. पाठवली असती तर गावभर झाली असती. लोकलाजेने माणसांना डांबलेलं मी पुष्कळ पाहिलं. कुणाला वाचवलेलं तेवढं एकदाच.

फोटो मात्र उतरला. आता पडवीत दोन पानं मांडतात, आणि जेवणं उरकली की दोन आकडे चालतात, कारण मीनाक्षीही जाळी गाठवायला शिकली. चिमणाबाई मागच्या दाराने येते. “वैनी, तुमचा हात तर मालकास्नी मागं टाकतोय की!” म्हणते. मीनाक्षीचे स्वतःचे केस मानेपर्यंत आलेत. ती ते तसेच ठेवते.

माझं काय झालं विचाराल, तर मला सोडवून एका राणीच्या खोप्यात गाठवलं गेलं. मीनाक्षीनेच गाठवलं, तीन आठवडे बसून. त्यानंतर मी स्टुडिओतल्या पत्र्याच्या पेटीत, एका लाकडी डोक्यावर आहे. सिनेमे पूर्वीसारखे निघत नाहीत. झाकण महिनोन् महिने उघडत नाही. अंधार आहे, डांबराच्या गोळ्यांचा वास आहे आणि शेजारी विश्वामित्राची दाढी आहे.

परवा नृसिंह कसर लागली का बघायला आला, तेव्हा सोबतच्या कारागिराला सांगत होता. दादा त्या राणीचा सिनेमा बघून आले म्हणे, एकटेच, कुणाला न सांगता. घरी येऊन माईंजवळ एवढंच म्हणाले, “राणीचा खोपा बरा होता.” माईंनी तो निरोप भाजीबरोबर पडवीत आणला. मीनाक्षीने आकडा न थांबवता विचारलं, “बरा म्हणजे? बरा होता तर इथं येऊन सांगा म्हणावं.”

दादा अजून पडवीत गेलेले नाहीत. मी इथून हलू शकत नाही, म्हणून तुम्हाला विनवते. महाद्वार रोडने कधी जाणं झालं तर त्या बोळात वळा. दादा आरामखुर्चीत असतील. त्यांना सांगा, खुर्चीपासून पडवीपर्यंत अकरा पावलं आहेत. मी तिच्या पाठीवरून रोज मोजली आहेत.