तांबडं लुगडं आणि कोरडं आभाळ

कवठे महांकाळच्या वरच्या अंगाला जो उघडा माळ आहे, तिथं फाल्गुन-चैत्रात माणसापेक्षा वाऱ्याला मान जास्त. वारा वाहिला तर द्राक्षाचा बेदाणा होतो, हिरवागार, नजरेत भरेल असा. माळभर लोखंडी खांबांचे रॅक, रॅकमध्ये जाळ्यांचे थर, थरांवर द्राक्षं पसरलेली. वळवाची चिन्हं दिसली की रॅकच्या चारी अंगांचे ताडपत्रीचे पडदे सोडायचे. सोडले नाहीत आणि पाऊस आत शिरला तर माल काळा. सोडले आणि पाऊस आलाच नाही, तर वाऱ्यावाचून माल उबतो, लाल पडतो. सोडावेत तरी पंचाईत, न सोडावेत तरी पंचाईत.

ही पंचाईत शालूबाईच्या गळ्यात होती. तिचं घर टेकाडावर, साऱ्या माळाला दिसणारं. आभाळ बिघडलं की ती गच्चीवर आपलं तांबडं इरकली लुगडं पसरायची, आणि ते दिसताच माळावरचे पडदे सरसर खाली यायचे. मोबाईल नव्हते तेव्हाची ही रीत. मोबाईल आले तरी टिकली, कारण बेदाण्याच्या दिवसांत सगळ्यांचे हात वाळत घालण्याआधी द्राक्षं बुडवायच्या तेलानं बरबटलेले असतात. फोन उचलायचा कुणी?

पण अलीकडं आभाळच पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. पूर्वी वळीव पाडवा झाल्यावर, उगवतीकडून, निरोप धाडून यायचा. दुपारी वारा पडायचा, चिमण्या धुळीत लोळायच्या, पान हलायचं नाही. आता तो कधी माघातच येऊन जायचा, कधी मावळतीकडून, तर कधी चिमण्या लोळून लोळून दमायच्या आणि वर बोटभर ढग नसायचा. गेल्या वर्षी शालूबाईनं दोनदा लुगडं चढवलं, दोन्हीदा आभाळ नुसतं गुरगुरून निघून गेलं, आणि माळावरचा माल लाल पडला.

म्हणून यंदा हंगाम सुरू होताच वीरधवल बोलला. शिकलेला पोरगा, आपल्या रॅकवर हवामानाचं यंत्र बसवलेला. "आजी, राग मानू नका. पर औंदा एकदा जरी लुगडं खोटं ठरलं, तर म्होरनं यंत्र सांगंल तेच."

"चालंल," शालूबाई म्हणाली. म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून तिचा जीव ढगात अडकला. जेवतानाही ती दारातून वर बघायची. तिचा नवरा आकाराम, फौजेतून हवालदार म्हणून परतलेला. तो म्हणायचा, "आगं, ताटात बघ. आमटीत माशी पडली तर ती ढगातनं न्हाई कळायची."

पाडवा तोंडावर आलेला. भाचीच्या पोराचं बारसं म्हणून शालूबाई वडूजला गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीनं परतली. वाटेनं तिची नेहमीची ओवी ओठांवर होती.

वळवाच्या ढगा दादा, जरा वाट वाकडी धर
शेजीचा बेदाणा माझ्या, वाळू दे रं दिसभर

ढग ऐकत होता बहुतेक, कारण आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. गाडी माळाच्या वळणावर आली आणि ओवी अर्ध्यातच तुटली. माळावरचा एकूण एक पडदा खाली होता. तिनं टेकाडाकडं पाहिलं. गच्चीवर तांबडं लुगडं फडफडत होतं.

शालूबाई धापा टाकत घरी पोचली. आकाराम गच्चीवर बाह्या सरसावून उभा होता. लुगड्याच्या शेजारी गोधड्या, उशांचे अभ्रे, त्याचे लेंगे, सगळं कवायतीला उभं केल्यासारखं रांगेत.

"आवं, हे काय?"

"पाडव्याची धुणी. ट्रंकेतलं समदं काढलं. तुझ्या त्या लुगड्याला डांबरगोळ्यांचा लय वास मारत हुता."

"खाली माळाकडं बघितलं का न्हाई?"

"बघितलं की. समद्यांनी पडदे सोडल्यात. म्हणलं, पाऊस येणार दिसतोय. म्हणून तर कपडे भराभरा उलटेपालटे करतोय."

आता लुगडं उतरवावं तर ते खोटं ठरणार, आणि तिचा आभाळाशी असलेला सगळा संसार वीरधवलच्या यंत्राकडं जाणार. राहू द्यावं, तर संध्याकाळपर्यंत काय सांगावं, एखादा ढग यायचाही. मावळतीला कापसाच्या बोंडाएवढं काहीतरी दिसत होतं. ज्या ढगांना जन्मभर वाट वाकडी करायला सांगितली, त्यांनाच ती हळूच म्हणाली, "ये की रं. आज तेवढा ये."

बोंड विरून गेलं.

खाली पहिला रॅक जरिनाचा. नवरा फळांच्या गाड्यावर, आणि ही यंदा पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर बेदाणा करत होती. तिचा माल शेवटच्या वाळणीवर होता. आजचा गरम वारा तिच्यासाठी फुकट चालला होता, आणि ती पडद्याला पाठ लावून, पावसाची वाट बघत बसली होती.

शालूबाईनं लुगडं ओढून काढलं, ओलंच खांद्यावर टाकलं आणि टेकाड उतरली.

"जरिना, पडदे उचल. पाऊस न्हाई."

"लुगडं चढलं हुतं की आक्का."

"ते धुतल्यालं हुतं. ह्यांनी वाळत घातलं."

जरिनानं तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. "आक्का, खरं सांगा. गारा हायती न्हवं? आमी घाबरू नये म्हणून बोलताय तुमी."

"आगं, हात लाव. पाणी गळतंय अजून."

जरिनानं पदर चाचपला, तरी तिची खात्री पटेना. तोवर बाकीचे गोळा झाले. एकजण म्हणाला, गारांच्या भीतीनं त्यानं ट्रॅक्टरसुद्धा गोठ्यात घातलाय आणि म्हशी बाहेर काढल्यात. शालूबाईनं सगळ्यांसमोर परत सांगितलं: "आज मी आभाळ बघितलंच न्हाई. लुगडं खोटं हाय. ठरल्याप्रमाणं उद्यापास्नं यंत्र."

सगळे वीरधवलकडं वळले. तो मागं उभा होता, आणि त्याच्या मागं त्याचा रॅक. पडदे पार जमिनीपर्यंत सोडलेले, वर दोरीच्या दुहेरी गाठी मारलेल्या.

"यंत्र काय म्हणत हुतं रं?" शालूबाईनं विचारलं.

"आभाळ कोरडं हाय म्हणत हुतं."

"मग पडदे का सोडलंस?"

वीरधवलनं कान खाजवला. "लुगडं दिसलं न्हवं वर."

माळ खदखदून हसला. हसता हसताच पडदे वर चढले, आणि कोंडलेला वारा जाळ्यांतून असा सुटला की बेदाण्याचा गोड वास टेकाडापर्यंत गेला. जरिनानं एक दाणा दाताखाली धरून पाहिला. हिरवा होता अजून.

"उद्याचं काय मग?" तिनं विचारलं.

वीरधवलनं मोबाईल पुसला. "वीस टक्के पाऊस."

"म्हंजी माझ्या पाच थरांतल्या एकावर पडंल का?"

त्यानं मोबाईल खिशात घातला. मग शालूबाईच्या जवळ सरकला. "आजी, तुमास्नी काय वाटतंय?"

शालूबाईनं उगवतीकडं बराच वेळ पाहिलं. "खरं सांगू? पहिल्यासारखं कळत न्हाई रं आता. मला वाटतंय ते आभाळाला वाटत न्हाई. उद्या दुपारी वारं कसं फिरतंय ते बघू. तूबी ये वर."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खरंच आला. टेकाडावर दोघं शेजारी बसले, तिची मान वर, त्याची मोबाईलात खाली. वारा थोडा पडला, परत उठला. खाली माळावर जरिना पडद्याची दोरी हातात धरून त्या दोन मानांकडं आळीपाळीनं बघत उभी राहिली.