नोझलवरचा शेंदूर

शेंदराशी माझं वैर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणणारच की भीमराज फिटरनं छप्पन साली दीक्षा घेतली, म्हणून याच्या डोळ्यांत शेंदूर खुपतो. अहो, माझ्या वर्कशॉपच्या फळीवर शेंदराचा डबा कायम असायचा. पाइपाचा सांधा गळू नये म्हणून जवसाच्या तेलात शेंदूर कालवायचा, आट्यांवर लावायचा, वरून सुतळी गुंडाळायची आणि सांधा आवळायचा. तो एकदा वाळला की पाइप तुटेल, पण आटे सुटणार नाहीत. शेंदूर काय करतो हे नेरच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. माझा राग माणसांवर आहे आणि तो अजून गेलेला नाही.

आग विझवायला आमच्याकडे हौद होता, हौदावर इंजिनाचा पंप होता आणि कॅनव्हासचा लांब पाइप होता. पाइपाच्या टोकाला एक निमुळती लोखंडी नळी. तिच्यातून एकच धार निघायची, लाठीसारखी सरळ. साठच्या हंगामात रुईच्या ढिगाला आग लागली तेव्हा आमचे मॅनेजर पुंडलिकराव यांनी ती धार ढिगाच्या पोटात मारायला लावली. रुई म्हणजे सरकी काढलेला मोकळा कापूस, फुंकर घातली तरी उडतो. धार बसल्याबरोबर जळते पुंजके उडाले आणि बाजूच्या दोन ढिगांवर जाऊन पडले. एक ढीग जळायचा तिथं तीन जळाले. पुंडलिकराव म्हणाले, पाणी कमी पडलं. डोंबल कमी पडलं! पाणी भरपूर होतं, ते मारायची रीत चुकली होती.

मग एका सकाळी माझी बायको तुळसाबाई अंगणात सडा टाकत होती ते पाहत बसलो. तिनं तांब्या सरळ ओतला असता तर मातीत खड्डा पडला असता. ती हातानं पाणी फेकत होती, आणि धूळ जागच्या जागी बसत होती. मी तसाच चहा न पिता वर्कशॉपला गेलो.

मोडीत पडलेल्या एका पितळी व्हॉल्व्हमधून मी लेथवर नोझल कातलं. मधोमध एक पक्का खुंटा, त्याचं डोकं कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरट. त्याच्यावरून एक नळी, आट्यांवर फिरून पुढं-मागं सरकणारी, आणि आट्यांतून पाणी गळू नये म्हणून एरंडेलात भिजवलेला चामड्याचा वायसर. नळी पुढं फिरवली की ती पाण्याला चहूबाजूंनी आवळून धरते आणि सरळ धार जाते. मागं फिरवली की खुंट्याचं डोकं उघडं पडतं, पाणी त्यावर आपटतं आणि मोठी छत्री उघडते. बाकी काही नाही. सगळी करामत नळी फिरण्यात. फिरली तर ते माझं नोझल, नाही फिरली तर तीच जुनी लाठी.

पंपावरचा हिरासिंग तांड्यावरचा माणूस, मोठा श्रद्धाळू आणि मनानं निर्मळ. पहिल्यांदा छत्री उघडली तेव्हा तो लहान पोरासारखा तिच्याखाली जाऊन भिजून आला.

"भीमराजभाऊ, हे तं देवाचं काम झालं!" तो म्हणाला.

"देवाचं नाई गा, लेथचं," मी म्हणालो.

पुंडलिकरावांनी नोझलसाठी काचेचं दार असलेली लाकडी पेटी करून पंपाच्या भिंतीला लावली. चावी स्वतःच्या कमरेला. आल्या-गेल्या पाहुण्याला दाखवायचे, "आमच्या इथं बनवलं." आमच्या म्हणजे कोणाच्या, ते सांगायचे नाहीत. तेही मी गिळलं.

एकसष्टचा दसरा आला. जिनिंगमध्ये दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते. मी पूजेला उभा राहत नव्हतो, पण आदल्या दिवशी प्रत्येक यंत्र पुसून, तेल घालून मीच ठेवायचो. त्या वर्षी तसंच केलं आणि दीक्षेच्या दिवसासाठी तुळसाबाईला घेऊन नागपूरला गेलो. तिसऱ्या दिवशी परत आलो तर पेटीत नोझल नव्हतंच, एक शेंदरी दांडका होता. बोटभर थर, आट्यांच्या खाचाखाचांत भरलेला.

पुंडलिकरावांनी पूजेला पेटी उघडली, तेव्हा हिरासिंगनं मोठ्या उमाळ्यानं लावला होता. सगळ्या यंत्रांना कुंकवाचं बोट आणि या एकाला सगळं अंग शेंदूर, कारण हे आगीचं दैवत. घरून आणलेला शेंदूर पुरला नाही म्हणून त्यानं माझ्या फळीवरचा डबा घेतला. शेजारीच जवसाचं तेल होतं, तेही घेतलं. नळी पुढं फिरवून ठेवलेली, लांबलचक दिसावी म्हणून. सांधा कायमचा बसवायला मी जे करतो ते सगळं त्यानं हात जोडून, मंत्र म्हणत केलं होतं. शेंदूर अजून ओला होता. त्या दिवशी रॉकेलचा एक बोळा फिरवला असता तर सगळं निघालं असतं.

मी पुंडलिकरावांकडे गेलो. "साहेब, नोझलच्या आट्यात शेंदूर गेला. चावी द्या, धुवून ठेवतो."

"देवाले वाह्यलेला शेंदूर तू धुवून काढशीन?" त्यांनी पान लावता लावता विचारलं. "तुले देव नाई, पण आमाले आहे ना?"

"हा पूजेचा नाई जी, माह्या डब्यातला आहे, सांधे पक्के कराचा. वाळला की नळी फिरत नाई."

"कायले फिरवा लागते? धार तं येते ना?"

हिरासिंग तिथंच उभा होता. त्यानं मान खाली घातली. आठ दिवसांनी मी परत गेलो. तेव्हा उत्तर मिळालं, "पूजेले उभा राहत नाई आणि पूजा पुसाले बरा येतं तू!" तिसऱ्या वेळी अर्ज लिहून नेला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही, माझ्यादेखत पानाच्या डब्याखाली सारला.

काच होती ती, साधी काच. एक दगड पुरला असता. मी फोडली नाही. नोकरी जाईल, वर देव बाटवला म्हणून गावभर बोभाटा होईल, हे भय माझ्या पोटात होतं. पुंडलिकरावांवर चिडतो तेव्हा हेही आठवतं, आणि मग राग दुप्पट होतो.

फेब्रुवारीतली दुपार. कापसात आलेला कुठलातरी खिळा रोलरमध्ये घासला, ठिणगी उडाली आणि रुईच्या ढिगाला लागली. ढिगाच्या पलीकडं सात-आठ बाया रुईच्या टोपल्या वाहत होत्या. त्यात जमनी होती, हिरासिंगची भावजय, त्याच तांड्यावरची. नवरा वारलेला, दोन मुली पदरात. पंप सुरू झाला, पुंडलिकरावांनी पेटी उघडली, हिरासिंगनं नोझल हातात घेतलं.

"छत्री कर!" मी लांबून ओरडलो. "नळी मागं घे!"

तो दोन्ही हातांनी पिळत होता. गळ्याच्या शिरा फुगल्या त्याच्या. नळी तसूभर हलली नाही.

"पाहत काय राह्यला? मार पाणी!" पुंडलिकराव किंचाळले.

आणि त्यानं मारलं. दोन वर्षांपूर्वीचीच लाठी, दोन वर्षांपूर्वीच्याच जागी. पेटलेले पुंजके उडून थेट बायांवर पडले. जमनीच्या घागऱ्यानं पेट घेतला. पाणी बाजूलाच फुकट वाहत होतं आणि ती बाई आपल्या उघड्या तळहातांनी आग दाबत होती. तो आवाज मी कागदावर लिहू शकत नाही.

मी कोळशाचं फावडं उचललं आणि नोझलच्या तोंडापुढं तिरपं धरलं. धार पत्र्यावर फुटली आणि पसरली. वेडंवाकडं का होईना, पाणी फवाऱ्यासारखं पडू लागलं. पहिल्यांदा जमनीवर, मग ढिगावर. हिरासिंग रडत पुढं सरकत होता आणि मी फावडं धरून, आगीकडं तोंड करून त्याच्या बरोबरीनं सरकत होतो. भुवया गेल्या, मनगटावरचं कातडं गेलं. पाव तासात आग बसली. पाव तास! नळी फिरली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

पाचव्या दिवशी अमरावतीहून जिनिंगचे मालक, शेठ आले. सगळ्यांना अंगणात उभं केलं. पुंडलिकराव तयारीत होते. म्हणाले, "घरगुती नोझल, शेठजी. ऐन वक्ताले फिरलंच नाई. मोडीच्या पितळाचं काम, दुसरं काय होईन? याले आजच काढा. आणि लोक म्हणून राह्यले, यानं पूजेले हात लावला नाई, म्हणून हे झालं."

माझे हात पट्टीत होते. मी हिरासिंगला म्हणालो, "आण थे." वर्कशॉपच्या दाराशी असलेल्या व्हाइसच्या पकडीत नोझल धरलं. दोन हात लांब पाना लावून चार हमालांना जोर लावायला सांगितला. पाना घसरला, नळी हलली नाही. मग ब्लोलॅम्प पेटवला. पितळ तापलं, शेंदराचा थर काळा पडला, तडकला, त्याचे पापुद्रे खाली गळाले. आतला वायसरही जळाला, त्याची घाण सगळ्यांच्या नाकात गेली. पुन्हा पाना लावला. कर्रर्र आवाज झाला आणि नळी फिरली. मागं, पुढं, मागं. आटे धडधाकट होते, एक दाता झिजला नव्हता.

"शेंदूर कोनं लावला?" शेठनी विचारलं.

पुंडलिकराव माझ्याकडं पाहत होते, जणू मीच लावला. मग हिरासिंग पुढं आला. "म्या लावला, शेठजी. माहीच भावजय जळाली, आता खोटं कायले बोलू? भीमराजभाऊनं तीन डाव चावी मांगली. मी तठीच उभा होतो. साहेबानं देली नाई. अर्ज पानाच्या डब्याखाली आहे, पाहून घ्या."

अर्ज तिथंच होता, चुन्याचे डाग पडलेला.

शेठनी तो वाचला, घडी केली आणि खिशात टाकला. मला वाटलं आता काही बोलतील. बोलले. "झालं ते झालं. भीमराज, तू कामावर राहा. पुंडलिकराव, पुढं ध्यानात ठेवा. त्या बाईचं दवाखान्याचं पाहा, आणि हात कामाचे नसतील तर तिला उद्यापासून नको येऊ म्हणा."

बस्स. एवढंच! मॅनेजर राहिला, फिटर राहिला, नोझल राहिलं. जिनं तळहातांनी आग विझवली ती तेवढी नकोशी झाली. माझ्या डोक्यात काय झालं कोण जाणे. मी नोझलवर पाणी ओतून ते निववलं, उघडलं, मधला खुंटा काढला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. उरलेलं शेठच्या हातात दिलं.

"पितळ तुमचं आहे, ठेवा. खुंटा माह्या डोक्यातला आहे. जमनीबाई नाई तं हेही नाई, आणि मीही नाई."

"काय पाह्यजे तुले?" शेठचा आवाज चढला.

"या पेटीची चावी तिच्याजवळ राहीन. हजेरीवर तिचं नाव राहीन. दर सोमवारी तिनं नळी फिरवून पाहाची. नाई फिरली तं त्या दिवशी जिन सुरू होनार नाई."

शेठनी हातातल्या पोकळ नळीकडं पाहिलं, मागच्या जळक्या ढिगाकडं पाहिलं. तो काही दयाळू माणूस नव्हता, पण मूर्खही नव्हता. "ठीक आहे," म्हणाला.

जमनी दोन महिन्यांनी आली. तिची बोटं आत वळून आकड्यासारखी घट्ट झाली होती, तळहात उघडत नव्हते. तिला गुळगुळीत नळी धरवेना. म्हणून मी नळीला दोन बाजूंनी दोन पितळी कान बसवले, त्या वळलेल्या बोटांत नेमके अडकतील असे. आता तेच नोझल कोणीही फिरवू शकतं, हातमोजे घालून, घाबरलेल्या हातांनी, जळलेल्या हातांनी. ही सुधारणा मला आधी सुचायला हवी होती. तिची किंमत जमनीनं दिली.

बासष्टच्या दसऱ्याला मी नागपूरला गेलो नाही. वर्कशॉपच्या दारात उभा राहिलो. पुंडलिकराव ताट घेऊन पेटीपाशी आले तेव्हा जमनी तिथं आधीच होती. हिरासिंग हात बांधून लांब उभा होता.

"थांबा साहेब," ती म्हणाली. तिनं गळ्यातली चावी मनगटांत धरून कुलूप उघडलं, नोझल बाहेर घेतलं, कानांत बोटं अडकवली आणि नळी मागं नेली, पुढं नेली. मग नोझल आत ठेवून दार लावलं. "आता लाकडाले लावा काय लावाचं ते."

पुंडलिकरावांनी पेटीच्या चौकटीला एक बोट शेंदूर लावला. मग रिवाजाप्रमाणं प्रसाद वाटू लागले. जमनीपुढं आले आणि पेढा पुढं केला. तिनं दोन्ही हात पुढं केले, पण तळहात उघडेनात. वळलेल्या बोटांवरून पेढा घसरला आणि मातीत पडला.

पुंडलिकरावांनी दुसरा पेढा उचलला. तो कुठं ठेवावा हे त्यांना समजेना. ताट हातात धरून ते तिच्या हातांकडं पाहत उभे राहिले, आणि जमनीनं हात मागं घेतले नाहीत.