सदतीस ग्रॅम

ताईने टाकीच्या काचेला नाक टेकवलं आणि दोरीकडे पुन्हा एकदा पाहिलं. शेजारच्या खोलीत केक कापला जात होता, टाळ्या पडत होत्या, तिच्या नावाने दोनदा हाकाही झाल्या. तिचा पाय काही निघेना.

टाकीत ते छोटं विमान उभं होतं, दुसऱ्या ग्रहावर उडायला निघालेलं. त्याला वर उचलणारी फिरती पाती तिची, चार वर्षं घासूनपुसून घडवलेली. तिथली हवा आपल्या हवेच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाची, म्हणून टाकीतली हवा उपसून काढायची. तिथे वजनही तिसऱ्या हिश्शाहून थोडंच जास्त भरतं, म्हणून उरलेला भार वरून एका बारीक दोरीने पेलायचा. आज सकाळी विमान वर उठलं, तरंगलं, अर्धा मिनिट जागचं हललं नाही. संध्याकाळी ते पेटीत बंद होऊन जाणार होतं. ही खेप हुकली तर पुढची सव्वीस महिन्यांनी.

पण तिच्या मनात पाल चुकचुकत होती. कालपर्यंत रडतखडत उडणारं कार्टं आज पहिल्या नंबराने पास कसं झालं? दुसरी कोणी असती तर पेढ्यांचं बघितलं असतं, हिला उत्तरपत्रिका तपासायची होती.

तिने वजनाची वही ओढली. नवी पाती साठ ग्रॅमने हलकी, हे तिनेच मिरवत सगळ्यांना सांगितलं होतं. दोरीचा ताण मात्र जुन्याच वजनाचा. साठांतले सदतीस दोरीच्या वाट्याचे, म्हणजे दोरी तेवढे ग्रॅम फुकटचे उचलत होती. वजन वाढलं असतं तर दहा जणांनी बोंब मारली असती. कमी झालं, मग विचारतोय कोण?

थोरले केकची बशी घेऊन आले. टाकीचा सगळा कारभार त्यांचा, पहिलं पातं घासायला तिला त्यांनीच शिकवलेलं. येत्या वर्षअखेर ते निवृत्त होणार होते.

"अगं, सगळे खोळंबलेत तुझ्यासाठी."

"थोरले, जरा दोरी बघा."

त्यांनी पाहिलं नाही. बशी टेबलावर ठेवली, चष्मा काढून पुसला.

"सदतीस," ते म्हणाले.

तिने अजून आकडा सांगितलाच नव्हता.

"कधी कळलं तुम्हाला?"

"सकाळीच. फार अलगद उतरलं ते."

"आणि तरी टाळ्या वाजवल्यात?"

"वाजवल्या. सव्वीस महिन्यांनी मी कुठला इथे? म्हटलं, पोचू तर दे. तिथे उडालं नाही तर नाही."

तिला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. तिने हात पुढे केला.

"चाचणी पास झाल्याचा कागद द्या. सही केलीत?"

थोरल्यांनी खिशातून कागद काढून घडी उलगडली. सहीची जागा कोरी होती.

"पेनच सापडत नाहीये सकाळपासून."

पेन त्यांच्या खिशालाच लावलेलं होतं. तिने ते पाहिलं, आणि तिने पाहिलेलं त्यांनी पाहिलं. मग ते वळले, दोरीच्या चक्रापाशी गेले आणि सावकाश, काट्यावर डोळा ठेवून, ताण उतरवू लागले.

"पंप लाव," ते पाठमोरेच म्हणाले. "आणि ते दार लोटून घे. पोरांना केक तरी सुखाने खाऊ दे."