सहा डबे

बिस्किटांचे सहा जुने डबे, प्रत्येकात पन्नास काड्या, प्रत्येक काडीच्या टोकाला लाल चिंधी. फुललेल्या रोपाशेजारी एक काडी रोवायची, म्हणजे तेच रोप दोनदा मोजलं जात नाही. उतार पुरा झाला की काड्या उपटून मोजायच्या. जितक्या काड्या तितकी रोपं. चिंध्या वहिनीच्या. ती शिवणकाम करायची आणि कात्रण टाकून देणं तिच्या जिवावर यायचं.

वहिनीची नणंद वनखात्यात दुर्मिळ झाडांची मोजणी करायची. खात्याकडे मदतनीस मागून तिची जीभ झिजली होती. म्हणून गेली सहा वर्षं याच आठवड्यात वहिनी तिच्याबरोबर यायची. फुकट यायची, वर पाणी आणि टोमणे घरून आणायची.

फूल बोटाच्या पेराएवढं, निळं. सूर्याबरोबर उमलायचं आणि दहाच्या सुमाराला मिटायचं. ते उगवणारा हा एकच उतार शिल्लक होता, आणि आता पायथ्याशी कुंपणाचे खांब येऊन पडले होते. गोदामासाठी खालचा निम्मा उतार कापायचा होता. रोपं अडीचशेच्या आत भरली, तर फुलाची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून होणार आणि काम थांबणार. नाहीतर ते ‘असुरक्षित’. म्हणजे एक पाटी लावायची आणि कापायचं.

“पाच डब्यांत बसवायचं म्हण की,” चढताना वहिनी म्हणाली होती. “तुमच्या खात्याचं बरं आहे. पेशंटनं डोळे फिरवल्याशिवाय डॉक्टर उठायचा नाही.”

दहाला दोघी खाली आल्या. तिच्या काड्या एकशे बावन्न, वहिनीच्या शहाण्णव. दोनशे अठ्ठेचाळीस. तिने पुन्हा मोजल्या. तितक्याच. ती दगडावर बसली. आनंद व्हायला हवा होता, पण तेवढंही त्राण अंगात नव्हतं. तिने तक्त्यात पेन्सिलीने आकडा लिहिला आणि काड्या डब्यांत भरायला घेतल्या. न वापरलेल्या सदतीस पिशवीत होत्या, त्याही घातल्या. पाच डबे भरले. सहाव्यात पस्तीसच आल्या.

“वहिनी, पंधरा कमी आहेत.”

“पडल्या असतील कुठे. चिंध्याच त्या, सोन्याच्या का आहेत?”

“तुझ्या बाजूला पडल्या?”

वहिनी बाटलीचं झाकण फिरवत राहिली. “ऊन झालंय. चल घरी.”

ती उठली. गुडघा पहिल्याच पावलाला बोलला, तरी ती चढत गेली. काळ्या खडकामागे पंधरा चिंध्या एका ओळीत उभ्या होत्या, प्रत्येकीशेजारी एकेक मिटलेलं फूल. इतकी सरळ ओळ कुणी विसरत नाही.

वहिनी धापा टाकत मागून आली.

“झालं समाधान? पंधरा रोपांकडे पाठ केली, वन्सं. दरोडा नाही घातला.”

“आकडा खोटा आहे.”

“खरा करता आला असता. उपटून टाकायची पंधरा.” ती खडकाला टेकली. “आलं होतं मनात. हात नाही झाला.”

खालून खांब उतरवल्याचा आवाज येत होता.

“परवा गोदामवाले त्यांचा माणूस मोजायला आणणार आहेत,” ती म्हणाली. “त्याला ही सापडली, तर माझ्या सहीच्या बाकीच्या अकरा झाडांच्या फायलीही त्याच दिवशी केरात.”

“आणि तो आला नसता तर?”

तो आला नसता तरी तिने डबा भरून पाहिला असता, पंधरा कमी आहेत म्हटल्यावर असंच चढून आली असती. हे वहिनीला कसं सांगायचं ते तिला कळेना. स्वतःलाही ते नीट सांगता आलं नसतं.

“तुझ्या खरेपणाचं ते फूल काय करणार गं? उशाला घेऊन झोपणार?” वहिनी म्हणाली, पण वाकून तिनेच पहिली काडी उपटली. मूळ दुखू नये अशी, हळूच, दोन बोटांनी. मग दुसरी. बाकीच्या नणंदेने उपटल्या.

दगडावर परत आल्यावर तिने खोडरबर शोधलं. अठ्ठेचाळीसचा ठसा कागदावर राहिलाच. त्यावरच तिने दोनशे त्रेसष्ट लिहिलं, शाईने, आणि सही केली. पुढच्या रकान्यात लिहिलं: असुरक्षित.

वहिनीने सहाव्या डब्यात पंधरा काड्या घातल्या आणि झाकण दाबलं.

“खालचा भाग कापल्यावर निम्मी तरी जातील ना?”

“निम्म्याहून जास्त.”

“मग पुढच्या वर्षी बसेल पाच डब्यांत,” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

“बसेल,” ती म्हणाली, आणि पिशवी उचलली.