भरलेला गडवा

हरिदास गुरुजींनी रिकामी मूठ तोंडाला लावली, मान मागे टाकली आणि घशातून घट् घट् आवाज काढला.

"असं प्याचं. आधी रुखमा, मंग रानी, मंग सप्पाई, सारा गाव. उद्या खेळात खरा गडवा लागन. कोन आनते?"

पोरं खाली पाहू लागली. पितळी गडवे घरोघरी होते. पण ज्याला रुखमाचं तोंड लागणार, तो कोणती आई देणार होती?

"मी आनतो, गुरुजी," रुखमाच म्हणाली.

नाटक गुरुजींनी स्वतःच रचलेलं होतं. चांद्याला गोंड राजे होते त्या काळातलं, असं ते सांगत. पण ज्या गोष्टीत वाघ बोलतो, नदी बोलते, तिथं काळाचं फार मनावर घ्यायचं नसतं. ग्रहणात जन्मली म्हणून एका मुलीला किल्ल्याबाहेर काढतात. ती रानोमाळ भटकते आणि भेटेल त्याला विचारते, "मी कोनाची?" वाघ म्हणतो, तुझ्या अंगावर पट्टे नाहीत. नदी म्हणते, तुला वाहता येत नाही. शेवटी ती वेशीवर परत येते. राणी तिला पाणी पाजते आणि तिच्या उष्ट्या गडव्यातून सारा गाव पाणी पितो. झाली ती गावाची.

असल्या मुलीचं सोंग आपल्या पोरीनं घ्यावं, हे एकाही आईला चालेना. सोंग अंगाला चिकटतं म्हणे. मग गुरुजींनी रुखमाला उभं केलं. तिला आणखी काय चिकटायचं राहिलं होतं? दोन पावसाळ्यांपूर्वी गावात तापानं पोरं गेली, तेव्हा देवऋष्यानं तिच्या आईचं, सुगंधाबाईचं नाव घेतलं. करणी करते म्हणाला. तेव्हापासून घर वाळीत पडलं. बाप लहानू बल्लारपूरला कामाला गेला, तो तिकडचाच झाला. गावच्या विहिरीवर मायलेकींना पाय ठेवता येत नव्हता. गुरुजी मनाचे भले. त्यांना वाटलं, खेळात का होईना, पोरगी गावात येईल. रुखमालाही तसंच वाटत होतं. फक्त ते 'खेळात का होईना' तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाबाईनं चिंच लावून गडवा लख्ख घासला. मग वैनगंगेच्या वाळूत झिरा उकरून, त्यात हळूहळू साचलेलं नितळ पाणी घेऊन आली आणि गडवा काठोकाठ भरला.

"माय, रिकामाच पाह्यजे. पेल्यावानी करतेत नुसतं."

"गावाच्या हाती रिकामा गडवा देतेत का, बाई?"

"तू येत नाई?"

"मी आली त लोकं उठून जातीन. तुया खेळ मोडन."

रुखमा दोन्ही हातांनी गडवा धरून शाळेपर्यंत गेली. एक थेंब सांडू दिला नाही. आता खरं पाणी आहे म्हटल्यावर त्यांना खरंच प्यावं लागेल, असं ती स्वतःला सांगत होती.

शाळेपुढे लुगडी बांधून मांडव घातला होता. पोलीस पाटील गुणवंतराव खुर्चीवर, बाकी गाव खाली. वाघ झालेल्या बिरजूची शेपटी ऐन डरकाळीत गळून पडली, तेव्हा लोक हसून लोळले. रुखमाही हसली. किती दिवसांनी ती गावाबरोबर हसली होती!

शेवटचा प्रवेश आला. पाटलाची इंदू राणी झाली होती. तिनं गडवा उचलला आणि दचकली. तो जड होता. रुखमानं घोट घेऊन तो तिच्या हातात परत दिला. इंदूची नजर थेट बायांमध्ये बसलेल्या आपल्या आईकडे गेली. आईनं मान हलवली, अगदी थोडीशी.

इंदूनं गडवा ओठांना लावला. डोकं मागे टाकलं, घट् घट् आवाज काढला. छान काढला. पण रुखमा हातभरावर उभी होती, आणि इंदूचे ओठ गच्च मिटलेले होते.

मग बिरजू. मग नदी झालेली पोर. मग प्रधान, शिपाई, सगळे. ज्यानं त्यानं कोरडं तोंड पुसलं. गडवा फिरून रुखमाकडे आला, तो दिला तेवढाच जड होता.

"आता मी इथली," तिचं शेवटचं वाक्य होतं. ती ते म्हणाली. टाळ्या पडल्या, पाटलांनीही वाजवल्या, आणि गुरुजींनी तर डोळे पुसले.

घरी जाताना मोहाखाली ती थांबली. गडवा कलता केला. मग तिला झिऱ्यापाशी ओणवी बसलेली माय आठवली, आणि हात पुढे जाईना. तिनं तो तोंडाला लावला. पोट तट्ट फुगलं, मळमळलं, तरी तळ दिसेपर्यंत ती पीत राहिली.

माय दारातच उभी होती.

"सप्पाई पेले?"

"सप्पाई पेले, माय."

"पाटलाची इंदू बी?"

"सबनच्या पह्यले इंदूच पेली."

सुगंधाबाईनं गडवा उलटा करून पाहिला. रुखमानं राख घेऊन तो घासायला मागितला, तर तिनं दिला नाही. पदरानं बाहेरून पुसला आणि कोनाड्यात देवापाशी ठेवला. पुष्कळ दिवसांनी तिच्या अंगात हुशारी आली होती. तिनं घरातली मोठी घागर ओढून दारापाशी आणली.

"मंग उद्या विहिरीवर जाईन मी. आता काऊन कोनी अडवन?"

रुखमाला खरं सांगायचं होतं. तोंडही उघडलं तिनं. पण माय घागर पुसता पुसता काहीतरी गुणगुणत होती.

"मी बी येतो संगं," रुखमा म्हणाली, आणि आपली चुंबळ शोधायला उठली.