मागच्या भिंतीपलीकडची गल्ली

नकाशांच्या त्या संग्रहालयात खोल्या दोन आणि दोन्हींत मिळून माणूस एक, रखवालदार. तिकीट तोच फाडायचा, माहितीही तोच सांगायचा, समोर कुणी ऐकत नसलं तरी सांगायचा.

लेक बाबांची पेटी द्यायला आली होती. बाबांचा सगळा जन्म नकाशे काढण्यात गेला. वर्षापूर्वी एका सकाळी अर्धा चहा टाकून ते मागच्या अंगणात गेले, ते गेलेच. शोधून शोधून सगळ्यांनी हात टेकले. शेवटी आईनेच मन घट्ट केलं आणि म्हणाली, "देऊन टाक ती पेटी. डोळ्यांसमोर नको." लेकीचं मन मात्र मानत नव्हतं. बाबा परत येणार असतील तर ती वाट्टेल ते करायला तयार होती. फक्त काय करायचं तेच कळत नव्हतं.

"त्यांच्याच नकाशाखाली ठेवू," म्हणत रखवालदाराने काचेचं कपाट उघडलं. "हात मात्र लावायचा नाही हं! चिठ्ठी लिहून आणतो." आणि तो बाहेरच्या खोलीत गेला.

कापडावर शाईने काढलेलं ते शहर. लेकीने आधी आपलं घर शोधलं, मग त्याच्या मागची गल्ली. ही गल्ली खोटी. नक्कल करणारे पकडायला बाबांच्या कचेरीत प्रत्येक जण अशी एखादी नसलेली गल्ली नकाशात घुसडायचा. दुसऱ्याच्या नकाशात ती दिसली की चोर सापडला! बाबांनी आपली गल्ली घराच्या मागच्या भिंतीला चिकटवली होती. आईशी खटका उडाला की म्हणायचे, "मी चाललो माझ्या गल्लीत राहायला!"

गल्ली त्यांनी रिकामी काढली होती, लेकीने लहानपणी भिंगातून शंभरदा पाहिली होती. आता तिथे सात घरं होती, आणि त्यांतलं एकही बाबांच्या हातचं नव्हतं. भिंतीकडचं गल्लीचं उघडं तोंड एका जाड रेघेने बंद केलं होतं. ती रेघ मात्र बाबांचीच, आणि तिला अजून ताज्या शाईचा वास होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, मागच्या भिंतीतून ह्यांचा खोकला येतोय! मला वेड लागलंय का गं?"

"नाही आई. फोन ठेवू नकोस."

बाबा आत अडकलेत, एवढंच तिला सुचलं. चुकलेली रेघ ते ज्याने खरवडायचे ते पातं पेटीतच होतं. ती भराभर खरवडू लागली.

"अहो ताई, काय करताय!" रखवालदार धावत आला. तोवर रेघ निघाली होती.

"आले गं! हे आले!" फोनमध्ये आई एकाच वेळी रडत होती, हसत होती. लेकीचेही डोळे भरून आले. मग बाबांचा घोगरा आवाज आला.

"रेघ कुणी पुसली?"

"मी, बाबा. तुम्ही अडकला होतात ना?"

"अडकलो नव्हतो गं. त्यांना अडवून बसलो होतो." बाबांना धाप लागली होती. त्यांच्या मागे पावलं वाजत होती, खूप पावलं. "परत काढ ती. पटकन!"

नकाशावरच्या सातही घरांची दारं आता सताड उघडी होती. लेकीने पेटीतली शाईची बाटली उघडून उलटी केली. वर्षभरात शाई पार वाळून गेली होती.